खंडेनवमीनंतरचा पहिला नमुना

डॉ. दिग्विजय कामठे यांचा एक आवडता शब्द होता: ‘लीगली डिफेन्सिबल’. वाघोलीतल्या त्यांच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी हा शब्द पाजला जायचा. “रिझल्ट काय, कोणीही देतं,” ते खुर्चीत मागे रेलून म्हणायचे, “आपला रिझल्ट कोर्टात उभा राहतो.” नगर रोडलगतची बापजाद्यांची जमीन बिल्डरांना देऊन उरलेल्या तुकड्यावर त्यांनी ही तीन मजली इमारत उठवली होती, कुठल्याशा विद्यापीठाची डॉक्टरेट पदरात पाडून घेतली होती आणि गाईम्हशींच्या पेंडीपासून तान्ह्या बाळांच्या खाऊपर्यंत वाट्टेल ते तपासून द्यायचा धंदा मांडला होता. प्रत्यक्ष तपासायचं काम अर्थात दुसऱ्यांचं होतं.

दुसऱ्यांत पहिली तनुजा रिसबूड. ती क्वालिटी मॅनेजर होती आणि प्रत्येक रिपोर्टवर शेवटची सही तिची असायची. सहकारनगरहून रोज स्वतः गाडी चालवत, वाटेतल्या यच्चयावत वाहनचालकांची अक्कल काढत ती वाघोलीला पोचायची आणि पोचल्यावर प्रयोगशाळेतल्यांची काढायला घ्यायची. नवीन लागलेल्या मुलांना पहिल्या दिवशी ती एकच वाक्य शिकवायची: ज्याची नोंद नाही, ते घडलंच नाही. नमुना कोणी आणला, कोणी घेतला, कुठल्या कपाटात ठेवला, सील कोणी फोडलं, सगळ्याची नोंद हवी. मधली एक कडी निसटली की तो नमुना तिच्या लेखी कचरा. मुलं तिला घाबरत आणि ती मुलांना कंटाळत असे. डॉक्टर कामठ्यांना तर ती मनातल्या मनात ‘सातबाऱ्यावरचे डॉक्टर’ म्हणायची.

दरवर्षी खंडेनवमीला हे डॉक्टर यंत्रांची पूजा घालत. कारखान्यात घालतात तशीच, फक्त इथे यंत्रं परदेशी आणि नाजूक. गुरुजी यायचे, झेंडूच्या माळा यायच्या, सत्यनारायणाला करतात तसा शिरा व्हायचा, आणि कधी कोणाच्या नजरेस न पडणारे अकाउंट्सवालेही नव्या कुर्त्यात हजर व्हायचे. तनुजाने पहिल्याच वर्षी हरकत घेतली होती. भांडून भांडून तिने सूक्ष्म वजनकाट्याची खोली पूजेतून सोडवली होती. बाकी यंत्रांच्या बाबतीत डॉक्टर ऐकेनात. “मॅडम, श्रद्धेचा भाग आहे,” ते म्हणाले, “आणि सगळ्यात सीनियर सुवासिनी तुम्हीच. कुंकू तुमच्या हातून.”

सुवासिनी म्हणून आपला उपयोग होतो याचा तनुजाला राग यायचा, पण करायचं तर नीट, हाही तिचा स्वभाव. त्यामुळे ज्यांना नुसतं बोट टेकवून चाललं असतं अशा यंत्रांनाही ती व्यवस्थित हळदकुंकू वाहायची. त्या वर्षी तळमजल्यावरच्या ग्राइंडरपाशी ती आली. नमुना दळून एकजीव करायचा तो ग्राइंडर. पेंड असो, डाळ असो, मसाला असो, आधी त्यातून जायचा. आदल्या संध्याकाळीच तो धुऊन, पुसून, वाळवून ठेवला होता आणि त्याच्यावर ‘स्वच्छ, वापरण्यास योग्य’ असा टॅग लटकत होता. टॅगवर सही तनुजाची. तिने टॅग बाजूला सरकवला, झाकणावर कुंकवाची चिमूट वाहिली, पाच बोटं उमटवली आणि टॅग पुन्हा सरळ केला, कारण वाकडा टॅग तिला बघवायचा नाही.

दसऱ्याची सुट्टी झाली. कामावर पहिला नमुना आला तो कांदा-लसूण मसाल्याचा. पाठवणारी कंपनी खराडीची. मोबाइलवरून घरपोच किराणा पुरवणारी, ‘रसदवाला’ नावाची. मसाला करणारी बाई बिबवेवाडीची, प्रेमला निवंगुणे. कंपनी तिचा मसाला ‘आजीच्या हातचा’ म्हणून विकायची, मग आजीचं वय पन्नासही नसेना का. मसाल्यात तेलाकांद्याचे गोळे असतात म्हणून तो आधी ग्राइंडरमध्ये फिरवायचा, मग त्याचे दोन भाग करायचे, एक तपासायचा आणि दुसरा सील करून राखीव ठेवायचा, ही पद्धत. सुदर्शन राऊत नावाचा यवतमाळचा केमिस्ट होता. त्याने टॅग पाहिला, झाकण उघडून पातं आणि भांडं पाहिलं, मसाला फिरवला, दोन भाग केले, एकाला सील ठोकलं आणि दुसऱ्यात रंग सापडला. कापड रंगवायचा गुलाबी रंग, ऱ्होडामाईन. खाण्यात त्याला बंदी आहे. सुदर्शनने पुन्हा तपासलं. पुन्हा तेच.

“मॅडम,” सही घ्यायला आल्यावर तो घुटमळला, “रंग अगदी जरासा आहे. एवढूशा रंगानं मसाला लाल थोडीच होते? टाकणारा माणूस चांगला मूठभर टाकते.”

“किती आहे ते आपण सांगायचं, राऊत,” तनुजा मान वर न करता म्हणाली. “का आहे ते सांगायला त्यांनी आपल्याला पैसे दिलेले नाहीत.”

तिने सही केली. रिपोर्ट देखणा होता. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

रसदवाल्यांनी मग काय थाट केला म्हणता. गोदामातला सगळा मसाला एका मैदानात नेऊन पेटवला, त्याचा व्हिडिओ काढला, मागे करुण संगीत लावलं, आणि एका टायवाल्या पोराने ग्राहकांच्या आरोग्याबद्दल गळा काढला. व्हिडिओत ‘प्रेमला मसाले’चा फलक दोनदा दिसला. त्यानंतर त्यांनी तिच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावला, असा की ती तो हरली तर बिबवेवाडीतलं दुकान आणि दुकानावरचं राहतं घर, दोन्ही जाणार.

प्रेमला निवंगुणे एकदा प्रयोगशाळेत येऊन गेली. बिबवेवाडीहून वाघोलीपर्यंत रिक्षाने, मांडीवर स्टीलचा मोठा डबा घेऊन. गडी अंगाची, नऊवारीवर पोलका नव्हे तर चक्क पुरुषी शर्ट घातलेली बाई. मिरची कांडताना बाह्या लांब लागतात, असं तिने कोणी न विचारता सांगितलं. रिसेप्शनवर तिला हुसकावत होते, तेवढ्यात तनुजा खाली आली.

“माझ्या मसाल्यात रंग न्हाई, बाई,” प्रेमला म्हणाली. “म्या सोता बेडगी आन् संकेश्वरी निवडून आनती. रंग कशाला घालंल?”

“असं सगळेच म्हणतात.”

“म्हंजे सगळंच खोटं बोलत्यात व्हय?” तिने डबा पुढे केला. “त्याच घाण्याचा हाय ह्यो. त्याच दिवशीचा. हितंच तपासा. माझ्या म्होरं.”

तनुजाने डब्याला हात लावला नाही. “याला सील नाही. तुमच्या घरातून आलाय. मधे तुम्ही त्याचं काय केलंत, मला काय माहीत? हा नमुना नाही, हा डबा आहे.”

“मग खरं कसं कळायचं?”

“खरं कळलेलं आहे,” तनुजा म्हणाली. “आमच्या यंत्राला तुमच्याशी काही वैर नाही.”

प्रेमलाने डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि ती निघून गेली. हे संभाषण पुढे प्रयोगशाळेत पुष्कळ दिवस चवीने सांगितलं जायचं. डॉक्टर कामठ्यांनी तर ‘हा नमुना नाही, हा डबा आहे’ हे वाक्य ट्रेनिंगमध्ये घातलं. तनुजाला त्याचा आनंद झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल.

वर्ष गेलं. व्यापारी दाव्यांचं कोर्ट असल्यामुळे तारीख त्या मानाने लवकर लागली. तनुजाने साक्षीचं प्रतिज्ञापत्र सही करून दिलं आणि कंपनीचे वकील दीनानाथ मुजुमदार वाघोलीत येऊन रंगीत तालीम घेऊन गेले. मुजुमदार हे गृहस्थ बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीकडे बघत, जणू तिथे न्यायाधीश बसलेत. त्यांनी विचारलं, नमुना कोणाकोणाच्या ताब्यात होता? तनुजाने सगळी साखळी सांगितली. यंत्रांची अचूकता कधी पडताळली? तिने तारखा सांगितल्या. नमुन्याशिवाय नुसती रसायनं चालवून पाहिली होती का, त्यात रंग निघाला का? पाहिली होती, नाही निघाला. “वा,” मुजुमदार भिंतीला म्हणाले, “समोरच्याला तोंड उघडायला जागा नाही.” डॉक्टर कामठे इतके खूश झाले की त्यांनी पिस्ता बर्फी मागवली.

आणि तारखेच्या आधीच्या आठवड्यात पुन्हा खंडेनवमी आली.

पुन्हा गुरुजी, पुन्हा झेंडू, पुन्हा शिरा. तनुजा हळदकुंकवाचं ताट घेऊन एकेक यंत्र उरकत तळमजल्यावर उतरली. ग्राइंडर धुऊन ठेवलेला, टॅग लटकलेला. तिने टॅग बाजूला केला आणि कुंकवाची चिमूट झाकणावर वाहिली. पंखा चालू होता. थोडं कुंकू झाकणावरून घरंगळत कडेला गेलं आणि झाकण नि भांडं यांच्यामधल्या रबरी कड्याच्या खाचेत उतरलं. तिने पदराने पुसायला म्हणून बोट घातलं तर ते आणखी आत गेलं. वरून काही दिसेना. झाकण उघडलं तर पातं लख्ख, भांडं लख्ख.

तिचा हात तसाच राहिला. मागे डॉक्टर कोणाला तरी सांगत होते की आपल्याकडे विज्ञान आणि संस्कृती हातात हात घालून चालतात.

तनुजाने ताट गुरुजींच्या हातात दिलं. कुंकवाची पुडी उलटी करून पाहिली. कोपऱ्यावरच्या पूजेच्या दुकानातली. भडक, सुगंधी, स्वस्त. कुंकवाच्या पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नसतं, कारण कुंकू कोणी खात नाही. आणि नुसती रसायनं चालवून पाहिली होती, पण ती दळणानंतरच्या पायरीपासून. रसायनं काही कोणी ग्राइंडरमधून दळून काढत नाही. एवढी साधी गोष्ट. वर्षभर ती इतरांची अक्कल काढत फिरत होती.

शिरा न खाता तिने सुदर्शनला थांबवून घेतलं. घरी न्यायला म्हणून घेतलेल्या आपल्या डब्यातला साधा तांदूळ त्या ग्राइंडरमध्ये फिरवला, मसाला तपासला होता तसाच तपासायला लावला. सगळे पूजेच्या फोटोत गुंतले होते, तोवर पडद्यावर त्याच जागी, तेच टोक उभं राहिलं. तांदळात कापडाचा रंग. ग्राइंडरच्या कड्यातून काढलेलं कुंकू तपासलं, त्यात तर विचारायलाच नको. सुदर्शनने गेल्या वर्षीचं रजिस्टर काढून पाहिलं: दसऱ्यानंतर ग्राइंडरमध्ये पहिला गेला तो प्रेमलाचा मसाला, नंतर महिनाभर पेंड आणि भरडा, ज्यात रंग बघायचा प्रश्नच नव्हता.

“राखीव भाग आहे ना जी आपल्यापाशी,” तो आशेने म्हणाला. “सील तोडून तो चेक केला तर?”

“राखीव भाग दळल्यावर वेगळा केलेला आहे, राऊत. त्यातही माझं कुंकू आहे.” ती खुर्चीवर बसली. मसाला जाळला. राखीव भाग बाटलेला. आणि एकमेव शुद्ध मसाला ज्या डब्यात होता, त्याला तिने हात लावला नव्हता. तिला स्वतःची किळस आली. आयुष्यात पहिल्यांदाच आली, त्यामुळे तिचं काय करायचं ते तिला कळेना.

ती वर गेली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मूर्ख माणूस असता तर बरं झालं असतं; ते मूर्ख नव्हते, ते फक्त पोकळ होते.

“तो तांदूळ रजिस्टर केला होता का, मॅडम?”

“नाही. आत्ता करते.”

“नमुना क्रमांक नाही. कोणी मागितलेला नाही. पद्धतीत बसत नाही.” ते हसले. “तुम्हीच शिकवलंय की सगळ्यांना. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही.”

“त्या बाईचं घर जाईल.”

“आणि आपलं मानांकन गेलं तर इथली किती घरं जातील? पुढच्या वर्षीपासून पूजा फाटकाशी करू. किंवा कुंकू तपासून, सर्टिफिकेट घेऊन आणू. काय?” त्यांना ही कल्पना खरोखरच आवडली. “आपल्याला ते एक नवीन प्रॉडक्ट म्हणूनही देता येईल. प्रमाणित कुंकू.”

तनुजा खाली आली आणि नोंद करायला कॉम्प्युटर उघडला. पासवर्ड चालेना. दुसऱ्या दिवशी ग्राइंडर रासायनिक द्रावणाने आतून बाहेरून घासून काढलेला होता, रबरी कडं नवं होतं, कुंकवाची पुडी गायब होती. तिच्या टेबलावर पत्र होतं: रिपोर्टवर सही करण्याचे तिचे अधिकार काढून घेण्यात येत आहेत, आणि हे पाऊल तिच्यावरचा ताण हलका करण्यासाठी उचललं आहे. इतक्या वर्षांत त्या इमारतीत इतक्या झपाट्याने कुठलंच काम झालेलं तिने पाहिलं नव्हतं.

तारखेला ती शिवाजीनगर कोर्टात गेली. समन्स तिच्या नावाचं होतं, ते काढून घेणं डॉक्टरांच्या हातात नव्हतं. ते स्वतः मागच्या बाकावर बसले होते, नव्या जाकिटात. दुसऱ्या टोकाला प्रेमला, तोच शर्ट, तीच नऊवारी. तिचा वकील एक घाबरट गृहस्थ होता. त्याने यंत्रांच्या अचूकतेवर तीस-चाळीस प्रश्न काढून आणले होते आणि त्यातला एकही त्याला स्वतःला कळलेला नव्हता.

तनुजा पिंजऱ्यात उभी राहिली. मुजुमदारांनी रीतीप्रमाणे प्रतिज्ञापत्र पुढे केलं. “यावरची सही तुमचीच? आणि मजकूर खरा आहे?”

“सही माझी आहे,” तनुजा म्हणाली. “मजकूर अपुरा आहे.”

मुजुमदार पहिल्यांदाच भिंतीऐवजी तिच्याकडे बघू लागले. ती बोलत गेली. खंडेनवमी, कुंकू, ग्राइंडर, रबरी कडं, तांदूळ. ती जसजशी बोलत होती तसतसं तिला ऐकू येत होतं की हे किती हास्यास्पद आहे. मागे कोणीतरी खुदकन हसलंही. प्रेमलाचा वकील अचानक उठून उभा राहिला आणि त्याने हरकत घेतली: साक्षीदार न विचारलेलं बोलते आहे, हे नोंदीवर घेऊ नये. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “वकीलसाहेब, आपण कोणाच्या बाजूने आहात?” तो खाली बसला.

मुजुमदारांनी आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची परवानगी मागितली. ती मिळाली, आणि तनुजाला कळून चुकलं की हा माणूस तालमीत वाटला तितका बावळट नाही.

“तो तांदूळ कुठल्या क्रमांकाने नोंदवला?”

“नोंदवला नाही.”

“सील?”

“नव्हतं.”

“कोणाच्या ताब्यात होता?”

“माझ्या डब्यात होता.”

“ते कुंकू आज कुठे आहे? ते रबरी कडं?”

“काढून टाकलं.”

“म्हणजे वस्तू नाही, नोंद नाही, साखळी नाही. तुमच्याच संस्थेच्या नियमाने, मॅडम, याला चाचणी म्हणता येईल?”

“नाही.”

“तुमच्या हाताखालच्या कोणी हे तुमच्यासमोर आणलं असतं, तर?”

“हाकलून दिलं असतं.”

“तर मग या कोर्टाने यावर विश्वास का ठेवावा?”

मागच्या बाकावर डॉक्टर कामठे पुढे झुकले. इतकी वर्षं ज्याची जाहिरात केली ते अखेर त्यांना प्रत्यक्ष बघायला मिळत होतं: त्यांचा रिझल्ट कोर्टात उभा होता, आणि तो पाडायला आलेली त्यांचीच बाई आपल्याच नियमांत अडकून उभी होती.

“चाचणीवर ठेवू नका,” तनुजा म्हणाली. “ती नसल्यासारखीच आहे. पण ते कुंकू माझ्या हाताने लावलं. टॅग बाजूला करून लावलं आणि टॅग परत सरळ केला. हे मी पाहिलेलं नाही किंवा मोजलेलं नाही, मी केलेलं आहे. त्याला नोंद लागत नाही. त्या बाईंनी मला शुद्ध मसाला आणून दिला होता. तो मी घेतला नाही, कारण मला मिजास होती. तेही लिहून घ्या.”

न्यायाधीशबाईंनी टायपिस्टला शब्दन् शब्द सांगितला. ‘मिजास’ या शब्दापाशी टायपिस्ट अडला, तेव्हा त्यांनी तो पुन्हा सांगितला. मग मुजुमदारांना विचारलं, पूजा झाली होती हे तुम्ही नाकारता का? डॉक्टरांनी त्या पूजेचे फोटो दरवर्षी संस्थेच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकलेले होते; ग्राइंडरला कुंकू लावणारी तनुजा त्यात हसत होती. नाकारणार काय.

पुढच्या तारखेला रसदवाल्यांनी दावा मागे घेतला. गाजावाजा न करता, मागच्या दाराने. दावा गेला, घर वाचलं. प्रयोगशाळेने तनुजाला निरोपही दिला नाही. तिचा चहाचा मग आणि सुदर्शनच्या हस्ताक्षरातली एक चिठ्ठी तेवढी कुरियरने घरी आली. चिठ्ठीत त्याने लिहिलं होतं की तोही सोडतो आहे.

दिवाळी तोंडावर असताना ती बिबवेवाडीला गेली. गल्लीत गाडी घालायची सोय नव्हती, दोन जणांनी तिला चुकीचा रस्ता सांगितला, आणि तिने दोघांनाही तसं सुनावलं. दुकान उघडं होतं. मिरचीने घसा धरेल अशी हवा, फळीवर भरलेल्या पुड्यांची चळत आणि गिऱ्हाईक एकही नाही. फराळाच्या दिवसांत इथे बायकांची रांग असायला हवी होती. कांडप यंत्राशी तीन बायका कामाला असायच्या. आता प्रेमला एकटीच देठं खुडत बसली होती.

“मी माफी मागायला आले,” तनुजा उभ्यानेच म्हणाली. हे वाक्य तिने गाडीत घोकलं होतं, तरी ते एखाद्या हुकमासारखं बाहेर पडलं. “तुमच्या मसाल्यात काही नव्हतं.”

“मला ठावं हाय की,” प्रेमला म्हणाली. “मला सांगून काय उपेग? केस गेली, पन ते मसाला जाळल्यालं अजून घरोघरच्या मोबाइलवर हाय. माझी सख्खी नणंद दुसरीकडनं मसाला आनती.” तिने हातातली मिरची टोपलीत टाकली. “तुमी आसं करा. तुमच्या त्या कागदावर लिहून द्या. शिक्क्यावालं. हितं भिंतीला लावती.”

“शिक्का आता माझ्याकडे नाही. सहीचा अधिकारही काढला. मी लिहून दिलं तर तो नुसता कागद.”

“म्हंजे खोटं व्हतं तवा शिक्का व्हता, आन् आता खरं हाय तर शिक्का न्हाई?”

इतकी वर्षं तिच्याकडे प्रत्येकाला द्यायला काहीतरी असायचं.

समोरून एक बाई पिशवी घेऊन चालली होती. दुकानाकडे तिने पाहिलं, पावलं जरा मंदावली, मग ती पलीकडच्या बाजूने निघून गेली. दोघींनी ते पाहिलं.

“मग तोंडानं सांगा,” प्रेमला म्हणाली. “हितं दारात उभं ऱ्हावा. आली बाई की सांगायचं, मीच ती, माझ्यामुळं झालं. दिवाळीपत्तुर. कोर्टात सांगितलं तसंच. कोर्टात माझं गिऱ्हाईक येत न्हाई.”

तनुजाने दाराकडे पाहिलं. पायरी अरुंद होती, ऊन सरळ तोंडावर येत होतं, आणि समोरच्या सलूनमधले तिघे आत्ताच टक लावून बघत होते.

“किती वाजता उघडता?”

“आठला.” प्रेमलाने पुन्हा देठं खुडायला घेतली. “पन गिऱ्हाइकाशी गोड बोलायला लागतं, बाई. जमंल का तुमाला?”

दुसऱ्या दिवशी आठच्या आधी तनुजा त्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावायला जागा शोधत होती.